वास येतोय, म्हणजे विषारी आहे का?

डोंबिवलीची मावशी फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाही, थेट सुरू करते. “अगं, आज परत वास येतोय बघ. तू त्यातलीच ना? सांग, विषारी आहे का?” रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मी पुण्यात, ती एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांपासून दीड-दोन किलोमीटरवर, आणि मी फोनमधून हुंगून सांगावं अशी तिची अपेक्षा.

मावशी एकटी नाही. श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या रसायनांवर मी काम करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही पुढचा प्रश्न हाच येतो. कुणी लोट्याचं असतं, कुणी तारापूरचं. तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकते, तुम्ही विचारलंत म्हणून.

थोडक्यात उत्तर: नुसत्या वासावरून कळत नाही. हे ऐकलं की मावशी चिडते, “मग एवढी शिकलीस कशाला?” म्हणून आता सविस्तर.

स्वयंपाकघरापासून सुरू करू. सिलिंडर गळतो तेव्हा जो वास येतो तो गॅसचा नसतोच. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग चिमूटभर मिसळतात, आणि आपलं नाक ते अब्जात एखादा भाग असलं तरी पकडतं. ही अक्कल फार महागात पडून आली. १९३७ साली अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडन गावी शाळेच्या तळघरात बिनवासाचा नैसर्गिक वायू साचला, स्फोट झाला, जवळपास तीनशे जीव गेले. बहुतेक मुलंच. त्यानंतर वायूत वास घालण्याचे कायदे झाले.

वास आणि विषारीपणा ही दोन वेगळी खाती आहेत, त्यांचा हिशेब एकमेकांत मिसळत नाही. अमोनिया बिचारा प्रामाणिक. कामाच्या जागेसाठी त्याची मर्यादा २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग. बहुतेकांना तो त्याच्या बऱ्याच आधी नाकात झोंबतो आणि माणूस बाहेर पळतो. शिवाय तो पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे नाक-घशाच्या ओलाव्यातच बराचसा अडकतो. फॉसजीनचं उलट. ताज्या कापलेल्या गवतासारखा वास, पण तो जाणवेपर्यंत ०.१ पीपीएमची मर्यादा ओलांडलेली असते. पाण्यात फारसा विरघळत नसल्याने वर कुठे न थांबता फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. माणूस घरी येतो, जेवतो, काही झालं नाही म्हणतो, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागतं. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

मला सर्वात जास्त भीती वाटते ती हायड्रोजन सल्फाइडची, गटारातल्या त्या सडक्या अंड्याच्या वासाची. एक पीपीएमच्या शंभराव्या हिश्श्यालाही तो नाकाला कळतो. इतका चांगला पहारेकरी दुसरा नाही, असं वाटतं ना? पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होतं. वास थांबतो. खाली उतरणाऱ्याला वाटतं, वायू निघून गेला. तो आणखी दोन पायऱ्या उतरतो. ७०० ते १००० पीपीएमला माणूस जागच्या जागी कोसळतो, कारण पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही. सायनाइड पेशीतल्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्याच विकरावर हाही घालतो. मग वरचा सहकारी त्याला काढायला उतरतो, आणि बातमीत आकडा एकाचा दोन, दोनाचा तीन होतो. मॅनहोलचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवलं, वास गेला, आता उतरा, असं सांगणारे मुकादम मी पाहिलेत. सांगणारा स्वतः काठावर उभा असतो. दोरीला बांधून खाली सोडायचा मीटर मुठीत मावेल एवढा असतो. तो १० पीपीएमलाच ओरडायला लागतो, आणि त्याचं नाक बधिर होत नाही.

आता उलट बाजू, छान वासाची. २००० साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातले आठ माजी कामगार फुप्फुसांच्या एका दुर्मिळ आजाराने ग्रासलेले आढळले. सर्वात बारीक श्वासनलिका आतून व्रण पडून बुजत जातात, आणि हे नुकसान भरून येत नाही. शोध घेतल्यावर बोट गेलं लोण्याच्या वासाच्या मिश्रणाकडे, त्यातल्या डायअसिटाइलकडे. लोण्यात हे निसर्गतःही असतं, खाण्यात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण गरम तेलात ते ओतताना जी वाफ उठते ती रोज, पाळीभर, छातीत घेणं ही वेगळीच गोष्ट निघाली. पुढे उंदरांना तीच वाफ दिली, तेव्हा त्यांच्या श्वसनमार्गाचं अस्तर सोललेलं दिसलं. खाऊन चालतं म्हणून हुंगून चालतं, असं नसतं. हे वाक्य मी अगरबत्तीच्या दुकानातही ऐकवते, आणि दुकानदाराला ते आवडत नाही.

आणि भोपाळ. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. तेव्हा कारखान्यातून गळलेल्या मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाबद्दल त्याआधी जगात छापून आलेलं फारच थोडं होतं. त्यातला एक अभ्यास १९६४ चा, जर्मनीतला. स्वयंसेवकांना २ पीपीएमला वास काहीच आला नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं, नाक-घसा चुरचुरला. आज कामाच्या जागेसाठीची मर्यादा ०.०२ पीपीएम आहे, त्या २ पीपीएमचा शंभरावा भाग. त्या रात्री झोपेतून उठलेल्या माणसांनी ‘कुणीतरी मिरच्या जाळल्यासारखं’ असं सांगितलं. माणसं नाकाने नाही, डोळ्यांनी जागी झाली.

मग हे आकडे येतात कुठून? काही कामगारांच्या आजारांतून, आणि बरेचसे आमच्यासारख्या प्रयोगशाळांतून. एक उभा पोकळ खांब असतो, त्यात रसायन मिसळलेली हवा सोडतात, आणि त्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या पारदर्शक नळ्या. प्रत्येक नळीत एक पांढरा उंदीर, नाक फक्त खांबाच्या आत. अख्खा उंदीर पेटीत सोडला तर रसायन केसांवर बसतं, तो ते चाटतो, आणि आपण मोजतो श्वास पण जातं पोटात. रोज ६ तास, आठवड्याचे ५ दिवस, ९० दिवस. त्यांच्या नाकाशी हवेत रसायन खरंच किती आहे हे ती हवा फिल्टरवर ओढून, मायक्रोग्रॅममध्ये तोलून पाहायचं. एका जुलैत मी काहीही न सोडलेल्या खांबातून झकास वाढतं ‘रसायन’ मोजलं होतं. तो होता फिल्टरने पकडलेला पावसाळा, नुसता हवेतला ओलावा. तेव्हापासून कोऱ्या फिल्टरचं वजन घेतल्याशिवाय मी कुणाचा आकडा मानत नाही, स्वतःचाही. उंदरांचं काय, असंही तुम्ही विचारता. त्यावर माझं मन शांत नाही, आणि ते दोन ओळींत आवरणारं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. कारखान्याच्या मर्यादा धडधाकट प्रौढ कामगाराने दिवसाचे आठ तास काम करावं आणि मग घरी जाऊन स्वच्छ हवा घ्यावी, असं धरून ठरवलेल्या असतात. मावशी एकाहत्तर वर्षांची, तिला दमा, आणि वास तिच्या घरीच येतो. ती ‘घरी जाऊन’ कुठे जाणार? म्हणून ‘पातळी मर्यादेच्या आत आहे’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कोणाची मर्यादा, किती तासांची, आणि मीटर किती वाजता लावला होता? दुपारी तीनला मोजलेली हवा रात्री साडेअकराबद्दल काही सांगत नाही.

इथेच मावशीचं नाक कामाला येतं. मोजमाप ते करू शकत नाही, साक्ष देऊ शकतं. मी तिला सांगितलं, मला फोन करण्याआधी कालनिर्णयवर लिही: वेळ, वास कशासारखा, वारा कुठून, डोळे किंवा घसा चुरचुरतो का. चुरचुरत असेल तर खिडक्या लाव, इनहेलर हाताशी ठेव, आणि तक्रार त्याच रात्री कर, सकाळी नाही.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा भिंतीवरचं पान बघितलं. दूध, गॅस, एकादशी, आणि मधेमधे तिचं बारीक अक्षर. ‘११.३५. गोडसर, नेलपॉलिशसारखा. वारा खाडीकडून. डोळे ठीक.’ त्याखालच्या गुरुवारी: ‘१२.१०. सडका. घसा खवखवला. दहा मिनिटांत गेला.’ आणि कंसात, वेगळ्या पेनाने, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेलं: ‘गेला, की मलाच येईनासा झाला?’