खुळा, नादखुळा आणि आगाप छाटणी

पेपरात पुढाऱ्यांचे 'आततायी निर्णय' छापून येतात. तासगावात माझ्या शेती औषधांच्या दुकानात दिवसभर द्राक्षबागायतदारांची बैठक असते, पण हा शब्द कुणाच्या तोंडून निघत नाही. संस्कृतात आततायी म्हणजे धनुष्य ताणून मारायला उठलेला. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो. एवढं जड हत्यार बांधावर कशाला? आमच्याकडं सरळ 'खुळा'.

खुळा म्हणजे बिनडोक नव्हे. ज्याला खरंच कमी कळतं त्याला 'साधं हाय बिचारं' म्हणून सोडून देतात. खुळा म्हणवून घ्यायला आधी अक्कल असावी लागते, आणि ती ऐन वेळी वापरलेली नसावी. "उतारा न बघता इसार दिलास? खुळा का काय लेका!" समोरचा पदवीधर असला तर हे आणखी जोरात.

आमच्या गिऱ्हाइकातले एक तात्या गेल्या साली आगाप छाटणी धरून बसले. फळछाटणी साधारण ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. तात्यांनी ऑगस्टअखेरीलाच कात्री लावली. माल आधी आला तर दर चांगला, हा हिशोब. पण कोवळी फूट पावसात सापडली की डावण्या, म्हणजे बुरशीचा रोग, येतो, फुलोऱ्यात घड कुजतात, आणि फवारण्यांचा खर्च (माझा धंदा, खरं सांगायचं तर) दुप्पट. शेजारचा बागायतदार दुकानात बसून सगळ्यांना सांगायचा, "म्हातारा खुळा झालाय."

पाऊस उघडला. जानेवारीत, बाकीच्यांचे मणी पाणी धरायच्या आत, तात्यांचा माल विकून गेलासुद्धा. दर ऐकून तोच शेजारी म्हणाला, "तात्या, नादखुळा!"

ही कोल्हापूर-सांगलीकडची शाबासकी. खूळ तेच, फक्त पैसे झालेले. पाऊस आठवडाभर लांबला असता तर मागचं 'खुळा' तेवढं उरलं असतं. तात्यांची अक्कल दोन्ही वेळेला तेवढीच होती, असं माझं मत. शेजाऱ्याला ते पटत नाही.

यंदा तात्या म्हणतात, पाऊस बघून ठरवू. शेजाऱ्यानं मात्र ऑगस्टातच छाटणी उरकली. वेलीचे डोळे एकसारखे फुटायला लावायची पेस्ट न्यायला त्याची बायको आली होती. पिशवीत बाटली ठेवता ठेवता म्हणाली, "आमच्या ह्यास्नी कसलं खूळ लागलंय कुणास ठाऊक. उधारीवर लिवा."