इश्यू थ्री स्पेक्ट्रम: दुपारचा गुन्हेगार सापडला, आता ४१६४ कडे

आयसी१३, बोर्डावरची एक रॅम चिप! एकदाचा सापडला.

मागचं थोडक्यात: माझा सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम, ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक (इश्यू थ्री म्हणजे त्याच्या बोर्डाची आवृत्ती), दुपारी बिघडतो. सकाळी कॉपीराइटची ओळ झक्क येते, बेसिक चालतं, टेपवरून गेमही लोड होतो. दुपारी मात्र कूलर सुरू असतानाही सगळं गारद. नवतप्यातलं नागपूर, त्यात रबरी कीबोर्डाखाली ७८०५ ची, म्हणजे ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरची भट्टी, म्हणून पहिला संशय त्याच्यावरच. जुना अ‍ॅडॉप्टर नावाला ९ व्होल्टचा, देतो ११ च्या आसपास. ५ च्या वरचं सगळं उष्णता होऊन जातं. तिथे ट्रॅकोचा टीएसआर १-२४५० हा स्विचिंग रेग्युलेटर बसवला. महाग आहे, पण पैसे वसूल. आतली भट्टीच विझली. तरी दुपारी तेच रडगाणं.

मग स्क्रीनकडे नीट पाहिलं. दर आठ पिक्सेलांमागे एक उभी रेघ, प्रत्येक चौकटीच्या अगदी डाव्या कडेला. शिवाय सगळ्या चौकटी लुकलुकत होत्या. डाव्या कडेचा पिक्सेल म्हणजे बिट ७, आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (चौकटीचा रंग ठरवणाऱ्या बाइटमध्ये) बिट ७ म्हणजे फ्लॅश, लुकलुकणं! खालच्या १६ के रॅममध्ये आयसी६ ते आयसी१३ या आठ ४११६ चिपा एकेक बिट सांभाळतात, त्यात डी७, म्हणजे बिट ७, आयसी१३ कडे. ४११६ ला ५ सोबत लागणारे १२ आणि उणे ५ व्होल्ट मीटरवर बरोबर, म्हणजे ते तयार करणारा ट्रान्झिस्टर टीआर४ निर्दोष. चिप गार करायला आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलात) भिजवलेला कापूस तिच्या पाठीवर ठेवला, प्लग काढून घातला. कॉपीराइटची ओळ आली! कापूस सुकला, रेघा परत. हा खेळ मी गरजेपेक्षा जास्त वेळा केला, मजाच तेवढी येत होती.

आता ४११६ आणायचा कुठून? सीताबर्डीला मोदी नंबर ३ मध्ये विचारलं तर दुकानदार म्हणे, "काय करून राहिले भाऊ याचं? भंगारात द्या ना." ऑनलाइन मिळतात ते बरेचदा घासून नवा नंबर छापलेले, अ‍ॅसिटोन फिरवला की शाई बोटावर. एक मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: जुन्या एक्सटी पीसीच्या मदरबोर्डवरचे ४१६४ रॅम चिप पडून आहेत, तेच का नको? त्यांना फक्त ५ व्होल्ट लागतात, म्हणजे पुढे कधी उणे ५ ची लाइन गेली तरी रॅम जळणार नाही. आठही बदलावे लागतील, पण एक उरकून बाकीचे सात कधी जातात याची वाट पाहण्यापेक्षा बरं.

बेत असा: सॉकेटच्या पिन १ आणि ८ (बोर्डावर तिथे उणे ५ आणि १२ व्होल्ट) बोर्डात जाऊच द्यायच्या नाहीत. ४१६४ ची पिन १ रिकामीच असते. पिन ९ वर बोर्डाचे ५ व्होल्ट आहेतच. तिथून समोरच्या ८ वर छोटी तार, कारण ४१६४ ला ५ व्होल्ट ८ वर लागतात. ४१६४ वर ९ म्हणजे ए७ ही जास्तीची अ‍ॅड्रेस लाइन, ती कायम वर राहिली तरी बिघडत नाही. ट्रॅक कापणं नाही. १२ व्होल्टला हात लावायचा नाही, रंगासाठी एलएम१८८९ या व्हिडिओ चिपला ते हवेतच. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीचा देशी स्पेक्ट्रम, डीबी स्पेक्ट्रम प्लस, तोवर कपाटात.

पिन ८ आणि १६ (ग्राउंड) मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर प्रत्येक सॉकेटखाली लावावा, की दर दोन चिपांमागे एक पुरेल? कुणी केलं असेल तर सांगा, सोल्डरिंगला बसायच्या आत.