तीर्थनचा ट्राउट आणि ‘गाइडेड’ नावाची गंमत

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच: हिमाचलची तीर्थन नदी उत्तम, मासा खरा, पण गाइड निवडताना डोळे उघडे ठेवा आणि दुपारी दोननंतर नदी ओलांडू नका. एप्रिलच्या उत्तरार्धात ‘गाइडेड फ्लाय फिशिंग’चं पॅकेज घेऊन चार दिवस गुशैणी गावाच्या खाली-वर केलेल्या ट्राउटच्या मासेमारीवरून हे लिहितोय. (फ्लाय म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेला नकली किडा.) अंगात अजून दुखणं आहे, त्यामुळे सूर थोडा तिखट लागला तर चालवून घ्या.

पॅकेजच्या फोटोत हवेत वेलांटी घेणारी पिवळी लाइन असते. सकाळी सात वाजता हातात येतो तो सहा फुटी स्पिनिंग रॉड आणि त्याला अडकवलेला चमकता स्पिनर (धातूचं फिरतं आमिष). कधी कधी तर डब्यात गांडुळं. मासा त्यालाही लागतो, उलट लवकर लागतो, त्यात गैर काही नाही. पण मग फ्लाय फिशिंगचे पैसे कशाचे? म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: रॉड किती वेटचा आहे (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक)? ‘चार’ किंवा ‘पाच’ असं उत्तर आलं तर पुढे बोला. ‘बहुत हल्का है सरजी’ असं आलं तर समजून जा. दुसरा प्रश्न: निम्फ (पाण्याखाली बुडणाऱ्या, अळीसारख्या फ्लाय) कोणत्या साइझच्या ठेवता? बारा ते सोळा यांतला आकडा आला पाहिजे (आकडा मोठा तेवढी फ्लाय लहान). ‘हम तो स्पून (धातूचं चमकतं आमिष) चलाते हैं’ असं सरळ सांगणारा माणूस प्रामाणिक असतो. स्पिनिंगच करायचं असेल तर त्यालाच घ्या, फक्त दर स्पिनिंगचा ठरवा.

आणखी एक फसगत नकाशातली. ‘तीर्थन व्हॅली’ या नावाखाली जिभीतल्या खोल्याही विकल्या जातात. जिभी सुंदर आहे, पण ती तीर्थनवर नाही. तिथला ओढा बंजारच्या बाजूने खाली येतो. जिभीत राहून रोज गुशैणी गाठायचं म्हणजे अरुंद रस्त्यावर पाऊण-एक तास, आणि सकाळचे जे दोन तास मासा खरा खातो त्यांतला एक गाडीत जातो. मुक्काम नागिनी ते गुशैणी या पट्ट्यातच करा. पोहोचण्यात विशेष काही नाही. दिल्ली किंवा चंडीगडहून मनालीच्या रात्रीच्या बसने औटला उतरायचं, कंडक्टरला ‘टनेल के पहले’ असं झोपण्याआधीच बजावून ठेवायचं, आणि तिथून लारजी, बंजार असं टॅक्सीने वर. बस पहाटेच्या अंधारात सोडते, त्यामुळे टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा लागतो. तो माणशी आणि दिवसागणिक असतो. ‘हमारा लाइसेंस है’ हे गाइडचं वाक्य तुमच्या कामाचं नाही. तुमच्या नावाचा, त्या दिवसाच्या तारखेचा कागद हातात आल्याशिवाय पाण्यात लाइन टाकू नका. मासा ठेवायचा असेल तर माप आणि संख्येच्या अटी त्यावरच वाचा. त्याची फी गाइडच्या दिवसाच्या पैशांपुढे अगदी किरकोळ असते, म्हणून बिलात ‘परमिट चार्जेस’ ही ओळ फुगलेली दिसली की पावती मागायची. वरच्या बाजूला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे (२०१४ पासून जागतिक वारसा यादीत). उद्यानात शिरायची परवानगी वेगळी असते. मत्स्य विभागाच्या कागदावर तिकडे गळ टाकायला नेणारा गाइड तुम्हालाच अडचणीत आणेल.

१ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात बंदी असते, कारण तो ब्राउन ट्राउटच्या विणीचा काळ. हा मासा मूळचा इथला नाही. इंग्रजांनी आधी काश्मिरात आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुल्लूच्या नद्यांत सोडला, तो इथे रुळला. उरलेल्या आठ महिन्यांतले जुलै-ऑगस्ट पावसाने गढूळ आणि धोक्याचे. २०२३ च्या जुलैत हिमाचलच्या नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी चढलेलं असतं. म्हणजे हाताशी राहतात मार्च-एप्रिल आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबरच निवडावा. पाणी उतरलेलं, काचेसारखं, आणि रोज दुपारी नदी फुगण्याची कटकट बरीच कमी.

आता नदीचा स्वभाव. कुरणातून संथ वाहणारी नदी डोळ्यांसमोर असेल तर ती पुसून टाका. तीर्थन म्हणजे उतारावरचे धोंडे, धोंड्यांमागे गुडघाभर ते कंबरभर पाण्याचे खळगे, आणि मधून सुसाट प्रवाह. इथे वीस मीटर लाइन फेकण्याचा काही उपयोग नाही. मधल्या वेगवान पाण्यावर लाइन पडली की ती फ्लायला ओढत नेते, आणि ओढली जाणारी फ्लाय ट्राउट तोंडात घेत नाही. उपाय असा की खळग्याच्या खालच्या बाजूने, वाकून, पाच-सहा मीटरपर्यंत जवळ जायचं, फ्लाय वरच्या अंगाला टाकायची, रॉड उंच धरून लाइन पाण्याबाहेर ठेवायची आणि फक्त लीडर (लाइनच्या टोकाचा पारदर्शक धागा) पाण्यात राहू द्यायचा. फ्लाय प्रवाहाच्या वेगाने वाहत आली पाहिजे. एका खळग्यात चार-पाच वेळा टाकून झालं की पुढे चला. मासा धोंड्याच्या मागेच असतो असं नाही. धोंड्याच्या पुढ्यात पाणी दबून मंद होतं, तिथेही असतो, आणि ती जागा जवळजवळ सगळे सोडून देतात.

जोडणी: नऊ फुटी पाच वेटचा रॉड, वेट-फॉरवर्ड (पुढच्या टोकाला जड) फ्लोटिंग लाइन, नऊ फुटी ४एक्स लीडर, पुढे हातभर ५एक्स टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाचा बारीक धागा (०.१५ मिमी; एक्सचा आकडा मोठा तेवढा धागा बारीक). टिपेट सर्जन्स गाठीने जोडा, फ्लाय इम्प्रूव्ह्ड क्लिंच गाठीने बांधा. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी ओढली की नायलॉन तापून तिथेच कमकुवत होतं. इंडिकेटर (लाइनवरची तरंगती खूण) पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर, म्हणजे पाऊण मीटर पाणी असेल तर फ्लायपासून साधारण एक मीटर दहा सेंटीमीटरवर. गाइडच्या रॉडला तो नेहमी फारच खाली लावलेला असतो, फ्लाय तळापर्यंत पोहोचतच नाही आणि दोष तुमच्या हाताला दिला जातो. इंडिकेटर थबकला, कलला, बुडाला, काहीही वेगळं केलं की रॉड उचला. झटका नको, ५एक्स तुटतं. नवख्यांनी एकच फ्लाय बांधावी. दोन बांधल्या की अर्धी सकाळ गुंता सोडवण्यात जाते.

फ्लाय स्वतःच्या न्या. टंगस्टन मण्याच्या फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १४ आणि १६ नंबरच्या, दोन्ही मिळून डझनभर. कॉपर जॉन (हीही निम्फच) चार. वर तरंगणाऱ्या अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस मिळून सहा, संध्याकाळी मासा पृष्ठभागावर येताना दिसला तर. गढूळ पाण्यासाठी ८ किंवा १० नंबरच्या काळ्या वूली बगर दोन. निम्फ तळाशी घासत न्यायची असल्याने धोंड्यांत अडकणारच, अर्ध्या दिवसात सहा-सात गेल्या तर वाईट वाटून घेऊ नका. अडकली की रॉड वाकवून ओढू नका, टोक मोडतं. रॉड सरळ फ्लायच्या दिशेने धरा, लाइन हाताला गुंडाळून मागे चाला. मागे झाडी असते, म्हणून रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पुढे फेकणं) घरून शिकून या. मैदानातही जमतो, फक्त गवत ओलं हवं. फ्लायची बार्ब (गळाचा उलटा काटा) पकडीने आधीच दाबून टाका, माशासाठी आणि स्वतःच्या कानासाठीही.

आता तो टप्पा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय. गुशैणीला फलाचन तीर्थनला मिळते. संगमाच्या वर, रस्त्याच्या पलीकडच्या काठाने जाणारा तुकडा ‘आसान है, किनारे किनारे’ असं सांगून दाखवला जातो. किनारा नावाची गोष्ट तिथे नाही. घरगुती फ्रिजएवढे धोंडे, त्यांवर शेवाळाचा पातळ थर, आणि मध्येमध्ये कडा थेट पाण्यात उतरलेला, म्हणून पाण्यातूनच जावं लागतं. एक-दीड किलोमीटरला तीन तास. ‘बस दस मिनट और’ हे वाक्य पाच वेळा ऐकायला मिळतं. पण खरी मेख ओलांडण्यात आहे. सकाळी आठला गुडघ्याइतक्या पाण्यातून पलीकडे नेतात. वरच्या बर्फावर ऊन पडतं, ते पाणी काही तासांनी खाली येतं, आणि तीन वाजता परतताना तीच जागा मांडीपर्यंत चढलेली असते. रंगही बदलतो, तळ दिसेनासा होतो. गाइड याच नदीवर वाढलेला असतो, तो उड्या मारत जातो. त्याच्या मागून आपल्याला जमत नाही.

पलीकडे जायचंच असेल तर पुलावरून किंवा लोकांच्या रोजच्या वापरातल्या तारेच्या ट्रॉलीवरून जा, आणि हे आदल्या रात्रीच ठरवा. सकाळी पाण्याच्या कडेला एक ओळखीचा दगड हेरून ठेवा. तो बुडाला की बाहेर पडायची वेळ झाली. पाण्यात उतरावंच लागलं तर काठी वरच्या बाजूला टेकवा, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाय, आणि ओलांडायची रेषा थोडी खालच्या दिशेला तिरकी. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर गेलं की मागे फिरा. वळताना पाठ प्रवाहाला देऊ नका. वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार) घातले असतील तर कमरेचा पट्टा घट्ट हवा, नाहीतर पडल्यावर ते आत भरतात. पडलात तर पाठीवर, पाय खालच्या दिशेला, आणि उथळ जागा येईपर्यंत उभं राहायची धडपड नको. पाय धोंड्यांत अडकला तर पाणी माणसाला खाली दाबतं. रॉड सोडून द्या, भरपाईचं नंतर बघू.

भाड्याचे बूट हा स्वतंत्र वैताग. फेल्टचे (नमद्याचे) तळवे झिजून गुळगुळीत झालेले, नाहीतर डिंक सुटून लोंबणारे. नदीवर जायच्या आदल्या संध्याकाळी बूट मागवा, तळवा अंगठ्याने ओढून पाहा, आणि निओप्रीनच्या (जाड रबरी) मोज्यांसाठी एक नंबर मोठा घ्या. काठी पॅकेजमध्ये नसते. ट्रेकिंगची आपली न्या, तिची खालची प्लास्टिकची चकती काढून टाका, ती धोंड्यांच्या फटीत अडकते.

पैशांचं: दिवसाचा दर सांगताना चार गोष्टी मोघम ठेवल्या जातात. रॉडचं भाडं, वेडर्सचं भाडं, परवाना, आणि हरवलेल्या फ्लाय. शेवटच्या बिलात प्रत्येक फ्लायचे दोनशे रुपये लावले होते, आणि त्यांतल्या दोन तर गाइडनेच झाडाला अर्पण केल्या होत्या. चारही आकडे आधी लिहून मागा, मेसेजवर. ‘फुल डे’ म्हणजे किती तास तेही विचारा. दहाला सुरू होऊन मधे दोन तास राजमा-चावल असा फुल डे घेण्यापेक्षा सहा ते अकराचा अर्धा दिवस घ्या, मासे तेवढेच मिळतील. ‘मासा नाही तर पैसे परत’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तो तुम्हाला हमखास मासा असलेल्या तळ्यावर नेतो. नागिनीजवळ हामणीला सरकारी ट्राउट फार्म आहे. खायचाच असेल तर फार्मचा मासा विकत घ्या आणि नदीतला सोडा.

सोडताना हात ओले हवेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मासा पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. तोंड प्रवाहाकडे धरून ठेवा, तो स्वतःहून सुटू द्या. मिळणारे मासे बहुतेक वीत-दीड वीत लांबीचे असतात. मोठ्या माशाचे फोटो दाखवून विकणाऱ्यांचं सोडून द्या. पण पिवळ्या पोटाचा, बाजूंवर लाल ठिपके असलेला तो वीतभर ब्राउन पहिल्यांदा जाळ्यात येतो तेव्हा, खरं सांगायचं तर, बुटांचा राग तासभर विसरायला होतो. त्या तासात गाइडला टीप देऊ नका, जास्त दिली जाते.

एक मोकळा दिवस जालोरी खिंड आणि सेरोलसर तलावाला गेला. छान आहे, जा.

गाइड चांगला मिळाला तर तो कसा ओळखायचा? नदीवर पोहोचल्यावर तो आधी रॉड जोडत नाही. एखादा बुडालेला दगड उचलून उलटा करतो, खाली चिकटलेल्या अळ्यांचा रंग आणि आकार बघतो आणि मगच डबी उघडतो. तसा माणूस तिसऱ्या दिवशी भेटला. तो पुढच्या वेळी थेट बुक करा, मधल्या माणसाशिवाय.

परतीचं एक राहिलं. रॉड आणि फ्लाय चेक-इन सामानात टाका, गळ असल्याने केबिनमध्ये अडवतात. चार तुकड्यांचा नऊ फुटी रॉड पाऊण मीटरच्या नळीत बसतो. विमानाची मर्यादा १५ किलो, आणि ओले बूट-वेडर्स त्यातले चार-पाच किलो सहज खातात. म्हणून शेवटच्या दिवशी नदीवर जाऊ नका. बुटांत वर्तमानपत्र कोंबून ते बुखारीपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) हातभर लांब ठेवा. अगदी जवळ ठेवले की तळव्याचा डिंक सुटतो.