सरांचा दादरा

स्मरणिकेसाठी शाळेवर लिहा, असा निरोप आला. शाळेवर पुष्कळ जण लिहितील. मी सरांवरच लिहिणार. आपल्याकडे शिक्षक खंडीभर होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की संगीताचे सर, हे जुन्या मुलांना सांगायला नको.

दिवाळीची सुट्टी संपली की वरच्या हॉलमध्ये नाताळच्या तालमी सुरू. आधी रेव्हरंड टिळकांची भजनं टाळ-ढोलकीवर दणक्यात, मग चार आवाजांतली कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी. हे दुसरं काम अवघड. सगळ्यांनी मिळून एकच चाल गायची, ही आपल्या कानांची सवय. मधल्या आवाजातला मुलगा हमखास वरच्या चालीकडे घसरायचा. सर त्याला एक कान बोटाने बंद करायला लावत. आठवीत मी आल्टोत, म्हणजे याच मधल्या आवाजात होतो. आमचं घर माळकऱ्यांचं. संध्याकाळी हरिपाठ झाला की मी अंगणात ‘ग म ग सा’ घोकत बसायचो. आजी म्हणायची, पोर निदान सुरात तरी आहे.

एका वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हार्मोनियमचा भाता फाटला. ‘सायलेंट नाइट’ गेलंच, असं आम्ही धरून चाललो. सर म्हणाले, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात 24 डिसेंबर 1818 ला हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं, तेच मुळी गिटारवर. शब्द पाद्री योझेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर फ्रांझ ग्रुबर यांची. ‘शाळामास्तर’ हे सरांनी दोनदा सांगितलं. आपल्याकडे गिटारही नव्हती. मग त्यांनी तबल्यावरच्या मुलाला सहा मात्रा मोजून दाखवल्या. “दादराच आहे रे, फक्त सावकाश घे.” वर प ध प ग, खाली आमचं ग म ग सा, आणि तबला इतका हलका की वाजतोय हे कळू नये. दादऱ्याचा डौल वेगळा, हे जाणकार सांगतीलच. सांगोत. त्या संध्याकाळी हॉल डोलत होता.

पुढे नोकरीने इंग्लंडला गेलो. तिथल्या एका हौशी गायकवृंदात आता बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज गातो. दर डिसेंबरला संगीतकार हँडेलचा ‘मसाया’ असतो, येशूवरची मोठी गायनरचना. (1742 साली डब्लिनला तो पहिल्यांदा झाला एप्रिलमध्ये; नाताळशी त्याची गाठ मागाहून पडली.) केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या आदल्या दिवशी होणारी, 1918 पासूनची कॅरोलची ती प्रसिद्ध उपासनाही थंडीत रांग लावून ऐकली. सुरुवातीला एक मुलगा साथीशिवाय एकटा गातो. आपली निवड झाली हे त्याला ऐनवेळी कळतं. शेजारचे लोक डोळे पुसत होते. मला मात्र त्याला तयार करणाऱ्या मास्तरांचं कौतुक वाटत होतं.

मध्यंतरी नाताळात शाळेत आलो, तेव्हा कॅरोल स्पीकरवर लावली होती आणि मुलं नुसते ओठ हलवत होती. वाईट वाटलं. हार्मोनियम अजून कपाटावर आहे. तिच्या दुरुस्तीचा खर्च मी देतो, तसं मुख्याध्यापकांना कळवलंही आहे. पण त्याआधी संगीत शिक्षकाची जागा भरा.