तुमचा फोन ऐकतात का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नघरी असो, नवी पेठेत असो, कोणीतरी आवाज बारीक करून विचारतंच, "काय हो, तुमचा फोन ऐकतात का?" सरकारी कॅमेरे आणि लोकांचा डेटा यांवर चार बातम्या केल्या, त्याचं हे बक्षीस.

माहीत नाही. कळायची सोयच नाही. फोन ऐकायचा तर गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो, पण ज्याचा ऐकला त्याला तो नंतरही कोणी दाखवत नाही. २०२१ च्या जुलैत पेगाससचं, म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरून पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, प्रकरण निघालं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच असल्याचं सिद्ध झालं नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने नोंदवलं. तिथे ही गत, मग सोलापुरात बसून मी काय छातीठोक सांगणार? एक मित्र म्हणाला, फोन स्टीलच्या डब्यात ठेव. शेंगाचटणीच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं, दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. खणखणीत वाजला. वर आठवडाभर लसणाचा वास.

तुम्ही हसता, मीही हसते. पण हे विचारलंत की मला आठवतो तो एक कागद.

एका कार्यालयाच्या कंट्रोल रूममध्ये कंत्राटावर एक पोरगा होता. चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण बाहेरची माणसं येऊन बघून जात, कसलीही नोंद नाही. कोणाची गाडी कोणाच्या दारात किती वाजता, एवढंच बघायला. त्याने एक प्रिंट काढून दिली. "ताई, नाव नको." मी नाव दिलं नाही. गाव, वय, काही नाही. फार काळजी घेतली म्हणून स्वतःवर खूशही होते.

कागदाचा फोटो काढून डेस्कला पाठवला. कडा कापायची राहिली. खाली डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत युजर नंबर आणि वेळ होती, ११:४२. पेपरात तीन कॉलमांत छापून आलं. त्या वेळी त्या खुर्चीत एकच माणूस होता. तिसऱ्या दिवशी त्याचं कंत्राट "संपलं".

आठ दिवसांनी त्याच्या घरी गेले, अशोक चौकाच्या पुढे. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा. माझ्याकडे बघेना, हात थांबेना.

"पोराचं नाव लिवलंत का पेपरात?"

"नाही हो मावशी."

"मग त्यांना कसं कळलं?"

मी सॉफ्टवेअर, युजर नंबर असलं काहीतरी सांगायला लागले. तिने एक वळलेली विडी बघितली, सैल वाटली असावी, उसवून पुन्हा वळली. चहा विचारला नाही. बरोबरच केलं.

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं की दोष त्यांचा. चित्रण बघणारे मोकळे, दाखवणारे मोकळे, घरी बसला तो पोरगा. यातला शब्द न् शब्द आजही खरा आहे. तरी मी हे जरा घाईनेच म्हणते, असं माझंच मला वाटतं. उलट सगळं माझ्याच माथी घेतलं की त्या कार्यालयाला रान मोकळं. दोन्हीकडून बोलून झालंय, निकाल लागत नाही.

"माहिती अधिकारात का मागितलं नाहीत?" दहा रुपयांचं तिकीट लावून मागितलं होतं. वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही, असं उत्तर आलं. आता तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं ते कलमच बदललंय. व्यापक जनहितासाठी वैयक्तिक माहिती देता येईल, ही त्यातली सवलत गेली. म्हणजे कागद बाहेर यायला अशीच पोरं लागणार. आणि मी त्यांना काय सांगू, या, मी आता कडा कापते?

तो सध्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, रात्रपाळीला. माझा फोन उचलत नाही. मागच्या गड्ड्याच्या जत्रेत लांबून दिसला. त्याने मला बघितलं आणि खिशातला मोबाइल काढून बघत बसला.