दोन्ही सिग्नल एकदम हिरवे कसे?

मागच्या रविवारी भर दुपारी माझ्या मॉडेल रेल्वेची मालगाडी शिंकान्सेनच्या, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनच्या, दुसऱ्या डब्यात आडवी घुसली. आवाज फार नाही झाला, एन गेजचा (९ मिलिमीटर रुळांवरच्या छोट्या मॉडेलचा) डबा म्हणजे जेमतेम १५-१६ सेंटिमीटर, पण डबे जोडणारं एक कपलर निखळलं आणि माझ्या काळजात धस्स झालं, कारण ही झिरो सिरीज, १९६४ ला टोकियो-ओसाका सुरू झाली तीच गोल नाकाची गाडी, तिचा सेट मी दोन वर्षं पैसे साठवून मागवला होता. बाबा शेजारच्या खोलीतून आले, वाकून बघितलं आणि पहिलं काय विचारलं तर, "अगं, दोन्हीकडचे सिग्नल एकदम हिरवे दिले कसे तू?"

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेत.

आता गाड्या एकमेकींच्या आड आल्याच कशा, तर माझ्या ले-आउटवर डायमंड क्रॉसिंग आहे. असणारच न! नागपुरात वाढले, लहानपणी बाबांच्या सायकलवर बसून खरं क्रॉसिंग बघायला गेले, हावड्याकडची आणि दिल्लीकडची लाईन एकमेकींना कापत जातात ती जागा, मग माझ्या प्लायवर ते नाही असं कसं चालेल. आठ बाय चारचा प्लाय आहे, त्यावर काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक रुळांचा मोठा ओव्हल, आणि मालगाडीची लाईन ओव्हलच्या आतल्या यार्डातून निघून ओव्हल कापत बाहेर जाते. मध्ये ९० डिग्रीचा क्रॉसिंगचा तुकडा. तिथं प्लसचा रूळ मायनसच्या रुळाला ओलांडतो म्हणून मधे प्लास्टिक असतं, करंट शॉर्ट होत नाही. पण गाड्यांनी एकमेकींना धडकू नये याची काळजी तो तुकडा घेत नाही, ती आपणच घ्यायची.

संध्याकाळी बाबांनी कागद मागितला आणि दोन चौकटी काढल्या. क्रॉसिंगच्या आधी दोन्ही लाईनींवर एकेक ब्लॉक, आणि एका वेळी एकाच ब्लॉकला करंट. गाडी १२ व्होल्ट डीसीवर रुळातूनच करंट घेते, म्हणजे एका रुळाला प्लास्टिकचे जॉइनर लावून तेवढा तुकडा तोडला आणि त्याची वायर वेगळी काढली की झाला ब्लॉक. सीताबर्डीतून १२ व्होल्टचा डीपीडीटी रिले आणला, म्हणजे कॉइलला करंट दिला की दोन वेगळे स्विच (पोल) एकदम पालटतो तो, एका पोलवर ओव्हलचा ब्लॉक, दुसऱ्यावर मालगाडीचा. (नुसत्या हातानं फिरवायच्या डीपीडीटी स्विचनंही झालं असतं, पण मला पुढं रुळाखाली सेन्सर लावायचाय, म्हणून रिलेच.)

सोल्डरिंग झालं, गाडी सोडली, आणि शिंकान्सेन थांबली ती क्रॉसिंगच्या बरोब्बर वर! रात्री साडेअकरापर्यंत मी मल्टीमीटर घेऊन प्लायखाली झोपले होते, वायरिंग एकदम बरोबर. मग डोक्यात प्रकाश पडला. या जपानी सेटमध्ये मोटर बहुतेकदा पुढच्या डब्यात नसते, मधल्या एका डब्यात असते आणि तो बाकीच्यांना ढकलतो आणि ओढतो. माझ्या सेटमध्ये ती चौथ्या डब्यात आहे. माझा ब्लॉक एका सरळ तुकड्याचा, २४८ मिलिमीटर, म्हणजे मोटर ब्लॉकमध्ये शिरायच्या आधीच पुढचे डबे क्रॉसिंग ओलांडून बसलेले. पुढचे तीन डबेच ४८० मिलिमीटरच्या आसपास, त्यात मोटरवरच्या जड चाकामुळे (फ्लायव्हील) करंट गेल्यावरही गाडी थोडी घरंगळते, म्हणून मग तीन तुकड्यांचा ७४४ मिलिमीटरचा ब्लॉक केला. आता नाक क्रॉसिंगच्या चांगलं अलीकडे थांबतं.

ओव्हलच्या लांबच्या टोकाला गाडी मंदावायची तेही याच भरात निस्तरलं, तिथं रुळाला करंट पोचवणारी अजून एक वायर (फीडर) दिली. बाकी कूलर खोलीबाहेर हलवलाय, त्याच्या दमटपणानं प्लाय फुगत होता.

एक गंमत सांगायची राहिली. शिंकान्सेनचा खरा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, मॉडेल १/१६० आकाराचं म्हणून १६० नं भागला की ९ मिलिमीटर येतो, पण मालगाडी जपानच्या १०६७ च्या लाईनची, १/१५० ची, तिला खरं तर ७ मिलिमीटरचे रूळ हवेत आणि ती बिचारी ९ च्याच रुळावर धावते. आणि आपली नागपूर-नागभीडची जुनी छोटी लाईन (२०१९ ला बंद झाली ती), ७६२ मिलिमीटर, ती १/८७ नं केली तर येतात पावणेनऊ! म्हणजे याच रुळांवर आपली नॅरोगेज जपानी गाडीपेक्षा जास्त बरोबर बसते. डबे हातानं करावे लागतील, करीन.

रिले लागल्यावर बाबांनी मला न विचारता कॉइलची वायर उपटली. मी ओरडले, ते म्हणाले, "तार तुटली तरी दोन्ही हिरवे नाही झाले पाहिजेत." नाही झाले. शिंकान्सेन गेली, मालगाडी ब्लॉकमध्ये उभी राहिली. बाबांनी अजून दोनदा वायर काढून लावून बघितली, मग खुर्ची ओढली. आता रोज संध्याकाळी सहाला मालगाडीचा कंट्रोलर त्यांच्या हातात असतो, आणि शिंकान्सेनचा शेवटचा डबा क्रॉसिंगवरून जाईपर्यंत ते नॉबला हातसुद्धा लावत नाहीत.