सरांचा बिलियन

स्मरणिका समितीचे पत्र आले तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते. लिहायला बसल्यावर मात्र इंग्रजीच्या सरांखेरीज दुसरे काही सुचेना. (बाकीच्यांना आपण आडनाव लावत असू, नुसते ‘सर’ म्हटले की ते एकच.)

जुलै १९८७ मध्ये जगाची लोकसंख्या पाच अब्ज झाल्याची बातमी आली. इंदूरच्या हिंदी वृत्तपत्रांत ती ‘पाँच अरब’ होती, इंग्रजीत ‘फाइव्ह बिलियन’. आमच्यातल्या एकाने ग्रंथालयातला विलायती शब्दकोश वर्गात आणला. त्यात बिलियन म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख असा अर्थ दिला होता. त्या हिशेबाने पृथ्वीवर पाच लाख कोटी माणसे झाली! दुसरे कोणी असते तर छापण्यातली चूक म्हणून धडा पुढे रेटला असता. सरांनी फळ्यावर एकाखाली एक दोन आकडे लिहिले, एकावर नऊ शून्ये आणि एकावर बारा, आणि दोन्ही बरोबर आहेत असे शांतपणे सांगितले.

पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये हा शब्द मिलियनचा वर्ग या अर्थाने घडला. पुढे फ्रेंचांनीच तो हजार मिलियनवर उतरवला, अमेरिकेने तो तसा उचलला, ब्रिटन मात्र बारा शून्यांवर अडून राहिले आणि अखेर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी सरकारी आकडेवारीत यापुढे नऊच शून्ये धरली जातील असे जाहीर केले. आमचा शब्दकोश त्याआधीचा होता. गंमत म्हणजे फ्रान्स तोवर पुन्हा बारा शून्यांकडे परतले होते.

‘बिलियन’ला अनेकवचनाचा ‘एस’ कधी लावायचा, हा प्रश्नही सरांनी त्याच तासात निकालात काढला. आपण ‘पाच हजार माणसे’ म्हणतो, ‘पाच हजारो’ म्हणत नाही. आकडा नसेल तेव्हाच ‘हजारो माणसे’ होतात. तसेच ‘फाइव्ह बिलियन पीपल’, पण ‘बिलियन्स ऑफ स्टार्स’. व्याकरणाचे पुस्तक न उघडता, आमच्याच मराठीतून दिलेला हा नियम पुन्हा कधी घोकावा लागला नाही.

मी आज सनदी लेखापाल आहे. सियागंजातल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लाख-कोटींत असतात, परदेशी अशिलांचे मिलियन-बिलियनमध्ये. आर्टिकलशिपला आलेली मुले संगणकावर क्षणात रूपांतर करतात आणि खाली बेधडक ‘फाइव्ह बिलियन्स’ लिहितात, तेव्हा मी सरांचे ‘पाच हजारो’ ऐकवतो. जर्मन भाषेतील कागदात ‘बिलियोन’ दिसला, तर तो बारा शून्यांचा, म्हणजे आपला लाख कोटी. नऊ शून्यांना ते ‘मिलियार्डे’ म्हणतात, हेही सांगतो. शब्दाचे वय विचारणारे शिक्षक या मुलांना लाभले नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ग्रंथालयाचे नूतनीकरण होत असल्याचे पत्रात वाचले. जुने शब्दकोश रद्दीत काढण्यापूर्वी ते एकदा माजी विद्यार्थ्यांना दाखवावेत, ही समितीला विनंती.